डोळ्यांना न दिसलेली चोरी

एक

ज्या सकाळी यंत्र मुके झाले, त्या सकाळी ते नेहमीपेक्षा अधिक देखणे दिसत होते. काच लख्ख पुसलेली होती, पडदा उजळ होता आणि त्यावरच्या निळ्या चौकटी शाळेतल्या मुलांसारख्या शिस्तीत उभ्या होत्या. 'नवा रुग्ण', 'जुना रुग्ण', 'आजार सांगा', 'डॉक्टर निवडा'. डोळ्यांनी पाहणाऱ्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

ताईने कानांना हेडफोन लावले, पडद्यावर बोट टेकवले आणि सावकाश उजवीकडे नेले.

"बटण," यंत्र म्हणाले. बोट पुढे सरकले. "बटण." आणखी पुढे. "बटण."

ताई या कार्यशाळेची चाचणीकार होती आणि जन्मापासून अंध होती. कार्यशाळेत बनलेली कोणतीही वस्तू तिने 'हो' म्हटल्याशिवाय बाहेर जात नसे. हे यंत्र एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणी-दालनात उभे राहणार होते. तेथे आजवर अंध रुग्णाला खिडकीशी जाऊन आपला आजार कारकुनाला मोठ्याने सांगावा लागे. मूळव्याध असो वा मनाचे दुखणे, मागची सगळी रांग ते ऐकत असे. या यंत्रावर बोट जेथे टेकेल तेथले नाव कानात हळूच बोलले जाई, दोनदा टिचकी मारली की निवड होई आणि रुग्णाची गोष्ट रुग्णापाशीच राही. रुग्णालयाची समिती आज दुपारी यंत्र पाहायला येणार होती.

"अर्धविराम!" ताईने हाक मारली. "जरा इकडे ये. यंत्राची सगळी नावं गेलीत."

हाक प्रोग्रामरसाठी होती. तो वाक्य कधी पुरे करीत नसे, म्हणून त्याला हे नाव पडले होते. त्याने हेडफोन लावले, पडदा पाहिला आणि धावत जाऊन बदलांची नोंद उघडली.

"बदल कालच्याच गठ्ठ्यात झालाय," तो म्हणाला. "आणि केलाय... म्हणजे संगणक तर..."

"बोलून टाक रे एकदाचं."

"तुमचा आहे, ताई. नावही तुमचंच."

एवढ्यात संचालक आले. हातात रातोरात छापून आलेल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकांचा गठ्ठा होता आणि चेहऱ्यावर समारंभाचा आनंद. तो आनंद नोंद वाचेपर्यंत टिकला. मग त्यांनी पुस्तिका मेजावर ठेवल्या आणि अत्यंत मायेने म्हणाले, "होतं असं, ताई. चुकून. कोणी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही."

"चुकून काय होतं, साहेब?"

"हेच. हात लागतो, पुसलं जातं. जुनी प्रत चढवू, समितीपुरतं निभावेल. फक्त... अंतिम चाचणीच्या प्रमाणपत्रावर आता अर्धविरामची सही घेऊ. यापुढेही शेवटचा होकार त्यानेच द्यावा. तुमच्या शेजारी बसून. तुमच्याच भल्यासाठी."

ताईने हेडफोन काढून नीट गुंडाळले. "माझ्या भल्याचं मी बघते. माझी चूक असेल तर ती मला दाखवा, मी आजच घरी जाते. दाखवता येत नसेल तर सही माझीच होईल. मला सांभाळून घेऊ नका, साहेब. तपास करा."

संचालकांनी कपाळावरचा घाम पुसला. तपास करू शकेल अशी एकच व्यक्ती त्यांना ठाऊक होती आणि लहानपणापासून ते तिला थोडे घाबरत असत.

दोन

संचालकांच्या आत्याची सारी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली होती. दुकानदारांचे काटे, पेट्रोलचे पंप, सोनारांचे तराजू यांपैकी कशावरही तिने ओळखीच्या वजनाने पारखल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता, आणि निवृत्तीनंतर माणसांच्या बाबतीतही तीच सवय कायम राहिली होती. कुणी "शपथेवर सांगतो" म्हटले की ती म्हणे, "शपथ राहू दे, काटा दाखव."

"आत्या, घरातली गोष्ट आहे," संचालक दाराशीच म्हणाले. "बाहेर जायला नको."

"बाळ्या, आधी मला आत तर येऊ दे."

साहेबांना कोणी 'बाळ्या' म्हणते, हे कार्यशाळेला प्रथमच कळले. अर्धविरामने चेहरा संगणकाच्या पडद्यामागे लपवला.

"परवाची प्रत चढवायला घेतोय," तो तेथूनच म्हणाला. "दुपारपर्यंत यंत्र..."

"हात लावू नकोस! पुरावा पुसून चोर शोधायची ही कुठली तऱ्हा? आधी बिघडलेलं यंत्र मला ऐकू दे." ती ताईकडे वळली. "तूच ना ती? ये. मला शिकव हे कसं वापरायचं ते. आणि पडदा झाकून टाक. डोळे उघडे असले की मी फसते."

ताईने यंत्रावर कापड टाकले आणि आत्याच्या कानांना हेडफोन लावले. आत्या दचकली.

"अगं, हे काय बडबडतंय? कोणी पाठी लागलंय का याच्या?"

"वेग माझा आहे. कमी करते."

"एवढ्या वेगातलं तुला कळतं?"

"रागावणार नसाल तर सांगते, आत्या. तुम्ही सगळे बोलता ते मला पेंगत बोलल्यासारखं वाटतं."

आत्या हसली. पुढे बराच वेळ कापडाखाली तिचे बोट फिरत राहिले. चौकट आली की 'बटण' एवढेच कानी पडे. पण ती मध्येच थांबे, मागे जाई, पुन्हा ऐके.

"ताई, सुरुवातीला हे म्हणतंय, 'आवाजी मदत सुरू आहे, बोट सरकवा.' हे वाक्य पडद्यावर कुठे असतं?"

"कुठेच नाही. ते ऐकणाऱ्यासाठीच आहे. डोळ्यांना त्याची गरज काय?"

"आणि शेवटी 'यादी संपली' म्हणतंय ते?"

"तेही तसंच."

आत्या पानांमागून पाने ऐकत गेली आणि एकाएकी तिची मान वर झाली. भाषा निवडण्याच्या पानावर यंत्र व्यवस्थित बोलत होते. एकेक चौकट आपले नाव खणखणीत सांगत होती. सूचना आणि गाऱ्हाणी नोंदवण्याचे पान, मदतीचे पान, तीही धडधाकट होती.

"बाळ्या," तिने हेडफोन काढत विचारले, "सगळी नावं गेलीत, असं तुला कोणी सांगितलं?"

"सकाळी ताईच म्हणाल्या. सगळेच म्हणतायत."

"सगळे पहिलं पान ऐकून थांबले. चोर काही घरं सोडून गेलाय. का सोडली, ते शोधायचं."

तीन

अर्धविराम आत्यासमोर बसला तेव्हा त्याने हात मांडीखाली दाबून धरले होते.

"ताईने तुझं काम बरेचदा परत पाठवलं म्हणे?"

"पाठवायचीच. परवा पण... आणि प्रत्येक वेळी बरोबर असायची, त्याचा जास्त..."

"राग यायचा."

"यायचा. पण आत्या, मला नावं उडवायची असती तर मी तिच्या टेबलापर्यंत कशाला जाईन? सगळ्या नावांची फाइल एकच आहे. माझ्या जागेवरून ती उडवली की..."

"की?"

"की सगळं जातं. पडद्यावर दिसणाऱ्या चौकटींची नावं, न दिसणारी वाक्यं, सगळी पानं. एका फटक्यात. एकेक वेचत बसायला मला काय वेड..."

"लागलंय," आत्याने वाक्य पुरे केले. "आणि ताईने तिच्या जागेवरून एखादा बदल केला, तर नोंदीत वेळ येत नाही?"

"गठ्ठ्याची येते. दिवसभराचे बदल एकत्र होतात. ताई होकार देऊन प्रत यंत्रात चढवायला लावते आणि घरी जाते. प्रत चढेपर्यंत तो संगणक बंद करायचा नाही, हा आमचा नियम आहे. चढून झाली की गठ्ठा आपोआप बंद होतो. मधल्या वेळात कोणी त्या संगणकावर काही केलं तर तेही तिच्याच नावावर..."

"जमा. उठ तू."

त्यानंतर रंगोबा आला. हा कार्यशाळेचा चित्रकार. पडद्यावरच्या निळ्या चौकटी, त्यांचे कोपरे, त्यांतली चित्रे ही सारी त्याची करणी. पडद्याचा मंद राखाडी रंग अधू नजरेच्या माणसांना दिसत नाही म्हणून ताईने तो बदलायला लावला होता आणि ते दुःख तो आठवड्याला एकदा तरी बोलून दाखवी.

"मी स्पष्टच सांगतो, आत्या. ताईच्या संगणकावर माझं चित्र बघवत नाही मला. प्रत्येक चौकटीवर एक पिवळी चिठ्ठी. देखण्या चेहऱ्यावर कांजिण्या उठाव्यात तसं!"

"कसल्या चिठ्ठ्या?"

"तीच तर नावं! चौकटीत चित्र असतं, ते यंत्राला वाचता येत नाही. म्हणून मागे चिठ्ठी लावायची, 'नवा रुग्ण', 'डॉक्टर निवडा'. यंत्र ती चिठ्ठी वाचतं. रुग्णालयातल्या यंत्रावर चिठ्ठ्या दिसत नाहीत, पण त्या संगणकावर मांडणी उघडली की दिसतात."

"आणि एखादी काढून टाकली तर?"

"तर यंत्र नुसतं 'बटण'..." रंगोबा थबकला. "अहो, नाही हं! मला त्या आवडत नाहीत म्हणजे मी काढीन असं नाही. मला सासूबाईही आवडत नाहीत."

"काल ताई गेल्यावर तू तिच्या टेबलाशी गेला होतास?"

रंगोबा खाली पाहत म्हणाला, "गेलो होतो."

"कशाला?"

"माझा कप आणायला. रोज ढापते ती. म्हणते, हाताला हाच बरा लागतो."

"टेबलावर काय दिसलं?"

"कप. की-बोर्ड. पडद्यावर माझीच मांडणी उघडलेली होती, म्हणून पाच मिनिटं बघत..." त्याचा आवाज एकाएकी पडला. "आत्या, ताईचा पडदा तर कधीच चालू नसतो. तिला काय करायचाय? ती त्याचं बटण बंद ठेवते. काल तो उजळ होता."

"आणि त्यावर चिठ्ठ्या होत्या?"

"नव्हत्या," रंगोबा हळूच म्हणाला. "म्हणूनच तर मी बघत उभा राहिलो. इतकं स्वच्छ दिसत होतं."

चार

"म्हणजे रंगोबाच!" संचालक उसळून म्हणाले. आता सारे एका खोलीत होते. ताई खिडकीपाशी ताठ बसली होती.

"उजळ पडद्यावरून एवढंच कळतं की कोणीतरी पाहिलं," आत्या म्हणाली. "आणि स्वच्छ पडदा पाहिला म्हणून तो स्वच्छ केला, असं होत नाही. खाली बस, बाळ्या. एकेक वजन टाकू.

"पहिलं वजन. पुसलेल्या पानांवर फक्त दिसणाऱ्या चौकटींची नावं गेलीत. कानांसाठी असलेली, पडद्यावर न दिसणारी वाक्यं जशीच्या तशी आहेत. ताई तर सगळ्यात आधी तीच ऐकते. तिने चुकून पुसलं असतं तर सुरुवातीचं वाक्य आधी गेलं असतं. मुद्दाम पुसलं असतं तरी तेच आधी गेलं असतं. ज्याने हे केलं, त्याला ती वाक्यं आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्याने डोळ्यांनी पुसलं."

ताईने मांडीवर घट्ट गुंतवलेले हात सोडवले.

"दुसरं वजन. अर्धविरामने केलं असतं तर एका फटक्यात केलं असतं आणि एकही पान बोलतं राहिलं नसतं. उरला रंगोबा. चिठ्ठी म्हणजे काय हे त्याला पुरतं माहीत आहे. ज्याला यंत्र मुकं करायचंय, तो भाषेचं पान सोडून देईल? तिथेच तर यंत्र कुठल्या भाषेत बोलणार ते ठरतं. ज्याने हे केलं, त्याला यंत्र मुकं करायचंच नव्हतं. त्याला काही ठरावीक पानं चिठ्ठ्यांविना हवी होती. बाकीच्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. आता सांगा, नुसती पानं स्वच्छ दिसायला कोणाला हवी असतात?"

तिने मेजावरच्या गठ्ठ्यातून एक पुस्तिका उचलली आणि उघडून रंगोबाच्या हाती दिली. "यात यंत्राच्या कुठल्या पानांची चित्रं आहेत? मोठ्याने वाच."

"नोंदणी, आजार, डॉक्टर, वेळ, पैसे भरणं..." रंगोबाने पान उलटले. "बस्. भाषा नाही. गाऱ्हाणी नाही. मदत नाही."

"जी छापली, ती मुकी झाली. जी छापली नाहीत, ती बोलतायत." आत्याने चष्मा काढला. "ही चित्रं कोणी काढली?"

अर्धविरामने रंगोबाकडे पाहिले. रंगोबाने मान हलवली. "मी नाही. माझ्याकडे कोणी मागितलीच नाहीत. मला तर त्याचंच वाईट वाटलं होतं."

खुर्ची करकरली. संचालक उभे राहिले होते, आणि आपण का उभे राहिलो हे त्यांना आताच उमगत होते.

"मी," ते म्हणाले. "मी काढली. शेवटची प्रत फक्त त्या संगणकावर होती, म्हणून तिथे बसलो. पण आत्या, मी काही बदललं नाही! पिवळ्या चिठ्ठ्या मध्ये येत होत्या. मला वाटलं ती ताईंची टिपणं आहेत. छपाईच्या कच्च्या कागदावर आपण खुणा करतो ना, तशी. त्यांचं काम झालं होतं, म्हणून खुणा काढल्या. चित्रं घेऊन झाल्यावर संगणकाने विचारलं, ठेवू का असंच? मी हो म्हटलं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मी नेहमीच हो म्हणतो."

"यंत्र बोलतं ते कुठून बोलतं, असं तुला वाटत होतं?"

"आतून," संचालक म्हणाले. "अर्धविरामच्या त्या... आतून कुठूनतरी."

"सुगम्य तंत्रज्ञानावर भाषणं देतोस, बाळ्या. हे हेडफोन कधी लावलेस?"

संचालक ताईसमोर जाऊन उभे राहिले. तीच आधी बोलली.

"साहेब, सकाळी तुम्ही मला म्हणालात, 'होतं असं, चुकून.'"

"म्हणालो."

"आता तेच मी तुम्हाला म्हणू का?"

"नको," संचालक म्हणाले. "ऐकायला फार वाईट लागेल ते."

"मग नाही म्हणत. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, ते मला कळतं. पण माझ्या जागी डोळस माणूस असता तर तुम्ही आधी विचारलं असतं, 'काल तुमच्यानंतर इथे कोण बसलं होतं?' मला विचारलं नाहीत. माझा हातच चुकला असणार, हे तुम्ही धरून चाललात. मला त्याचा राग आहे, आणि तो आज जाणार नाही."

"जाऊ नये," संचालक म्हणाले. हे वाक्य त्यांनी कोठल्याच भाषणासाठी तयार केलेले नव्हते. "प्रमाणपत्रावर सही तुमची. शेवटचा होकारही तुमचाच. आणि तुमच्या होकारानंतर त्या संगणकाला मीही हात लावणार नाही."

"तुम्ही तर मुळीच नाही," ताई म्हणाली. अर्धविराम फसकन हसला आणि पहिल्यांदाच ते हसू त्याने पुरे केले.

पाच

परवाची प्रत यंत्रात चढली. यंत्र पुन्हा बोलू लागले. संचालकांनी प्रमाणपत्र मेजावर पसरले, सहीची जागा कळावी म्हणून तेथे पट्टी आडवी ठेवली आणि ताईच्या हाताशी पेन सरकवले.

"समिती जिन्यात आहे," रंगोबा खिडकीतून पाहून म्हणाला.

"असू दे." ताईने पेन बाजूला ठेवून हेडफोन उचलले.

"ताई, प्रत तीच आहे, परवाची," अर्धविराम अजिजीने म्हणाला. "तुम्ही तपासलेली."

"परवाची मी तपासली, म्हणून तर काल दिवसभर दुरुस्त करत बसले होते. त्या दुरुस्त्या या प्रतीत कुठे आहेत?"

तिचे बोट पडद्यावरून चालू लागले. आत्या तिच्या मागे उभी राहून पाहत होती. काट्यावर वजन ठेवल्यानंतर तो स्थिर होईपर्यंत माणसाने श्वाससुद्धा सोडू नये, असे ती हाताखालच्यांना शिकवीत असे. आता ती स्वतःच श्वास धरून होती. बोट घाई करीत नव्हते. एक पान, दुसरे पान. 'आजार सांगा'च्या शेवटी ते थबकले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"अर्धविराम. 'रद्द करा' या चौकटीवर यंत्र 'पाठवा' म्हणतंय."

अर्धविरामने वाकून पाहिले. पडद्यावर ठळक अक्षरांत 'रद्द करा' असे लिहिलेले होते. कोणत्याही डोळ्याला तेथे चूक दिसली नसती. एखाद्या माणसाने आपले दुखणे सांगून 'पाठवा' ऐकून टिचकी मारली असती आणि त्याने सांगितलेले सारे पुसले जाऊन तो नंबराची वाट पाहत तसाच बसून राहिला असता.

"बाप रे," अर्धविराम म्हणाला. "हे नाव मीच लावलं होतं. कालच तुम्ही..."

"हो, कालच. बस इथे. मी सांगते, तू घाल. कालच्या सगळ्या दुरुस्त्या मला पाठ आहेत."

दारावर टकटक झाली. संचालक बाहेर गेले आणि दार मागे ओढून घेतले, पण ते पुरते लागले नाही. आतल्यांना बाहेरचे सारे ऐकू येत होते.

"काचेतून दिसतंय की यंत्र!" समितीच्या अध्यक्षांचा आवाज आला. "सुरेख आहे. चालूही आहे. मग अडलंय कुठे? आम्हाला संध्याकाळी दुसरीकडे जायचंय."

"चालू आहे, साहेब. दिसतंही छान," संचालक म्हणाले. "पण आमच्या चाचणीकार ताईंनी अजून 'हो' म्हटलेलं नाही."

"अहो, पण तुम्ही संचालक आहात ना?"

"आहे ना. म्हणून तर सांगतोय." त्या आवाजात सकाळची माया नव्हती, समारंभाचा गोडवाही नव्हता. आपल्या घरातल्या कर्तबगार माणसाची ओळख करून देताना छाती जशी नकळत पुढे येते, तसा तो आवाज होता. "त्यांनी 'हो' म्हटलं की तुम्हाला हेडफोन मी स्वतः लावून देईन. तोवर त्यांना घाई करायची हिंमत इथे कोणात नाही. माझ्यात तर नाहीच."

बाहेर खुर्च्या ओढल्याचे आवाज आले. समिती बसली होती.

आत ताईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले, पण बोट थांबले नाही.

"पुढचं पान," ती म्हणाली.